मृगाआधीचा सल्ला: निळा हॉस्टा मागवण्यापूर्वी

रोहिणी निम्मी सरली की आमच्या रोपवाटिकेत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक कलमं न्यायला येणारी, त्यांना काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. दुसरी मोबाइल पुढे करणारी. गेली चार-पाच वर्षं त्या मोबाइलवर बहुतेक वेळा एकच फोटो असतो: दाट झाडांखालची ओली दगडी पायवाट आणि तिच्या कडेला ताटाएवढ्या निळसर हिरव्या पानांचे गड्डे. शिरा अशा खोल, की लोण्यावर बोटं ओढली असावीत. परवा गुहागरकडचा एक होमस्टेवाला मुलगा आला. म्हणाला, "काका, हे आपल्या पोफळीखाली होईल ना? आर्किटेक्टने प्लॅनमध्ये चाळीस नग लिहिलेत."

चाळीस! मी आधी चहा सांगितला.

ते झाड म्हणजे हॉस्टा. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण पाऊस लागायच्या आत ऑर्डर द्यायची घाई आणखीही काही जणांना झालेली असणार. उत्तर आधीच देऊन टाकतो: किनारपट्टीवर जमिनीत लावण्यासाठी हॉस्टा घेऊ नका. सावली कमी पडेल अशी भीती नाही, सावली आपल्याकडे हवी तेवढी आहे. अडतं ते थंडीपाशी.

हॉस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनकडचा. तिकडे हिवाळ्यात पानं झडतात आणि जमिनीखालचा गड्डा गाढ झोपतो. ही झोप साधारण ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली निदान सहा ते आठ आठवडे मिळाली, तरच पुढच्या वर्षीचे डोळे नीट फुटतात. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतली पहाटसुद्धा १८-१९ अंशांच्या आसपास असते. दापोलीत पारा १० कडे झुकला की ती वर्तमानपत्रातली बातमी होते. कुणी विचारतं, मग महाबळेश्वर? वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो येतात ना! येतात, पण त्या चार-दोन पहाटा. हॉस्टाला आठवडेच्या आठवडे हवे असतात. मनाली-शिमल्याकडे जमेल, आपल्याकडे नाही.

झोप न मिळालेला हॉस्टा एका दिवसात मरत नाही, आणि फसगत होते ती इथेच. भाच्याने मनालीहून मला दोन गड्डे आणून दिले होते. पहिल्या पावसात पानं वीतभर झाली आणि मी येईल त्याला ती दाखवत सुटलो. दुसऱ्या वर्षी पानं तळहाताएवढी. तिसऱ्या वर्षी दोन पानं, तीही चमच्याएवढी. चौथ्या वर्षी कुंडी उपडी केली तर आत काळा चिखल. दुकानदाराने दाखवलेलं हिरवंगार रोप खोटं नसतं. ते थंड मुलखातली झोप पदरी घेऊन आलेलं असतं आणि त्या शिदोरीवर एक हंगाम काढतं, इतकंच.

आता त्या निळाईबद्दल. हॉस्टाच्या पानात निळा रंग नसतोच. पान हिरवंच, वर मेणाचा पातळ थर, आणि त्या थरातून उजेड विखुरला की डोळ्याला निळसर दिसतं. पिकल्या जांभळावर जी पांढुरकी धूळ दिसते आणि अंगठ्याने पुसली की खालून काळं तुकतुकीत फळ निघतं, तोच प्रकार. 'हॅल्सिऑन' ही या निळ्या जातींमधली नावाजलेली जात, इंग्लंडमध्ये एरिक स्मिथ यांनी १९६१ साली केलेल्या संकरातून आलेली. 'ब्लू माऊस इअर्स' ही उंदराच्या कानाएवढ्या पानांची बुटकी जात. दोन्हींची निळाई वसंतात, कोवळ्या पानावर, सर्वांत गडद असते. ऊन आणि पाऊस लागत गेला की मेण झिजतं आणि उन्हाळा सरता सरता पान साधं हिरवं होतं. हे तिकडच्या मवाळ पावसातलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. आर्द्रेतल्या एका झोडपणीत मेण कुठल्या कुठे जाईल. म्हणजे थंडीचा प्रश्न सुटला असता, तरी फोटोतला रंग आपल्या उघड्या बागेत टिकला नसता.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. 'निळ्या हॉस्टाच्या बिया' म्हणून ऑनलाइन जी पाकिटं मिळतात ती घेऊ नका. हॉस्टाच्या नावाजलेल्या जाती गड्डा फोडून किंवा ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) वाढवतात. बियांपासून आई-बापासारखं रोप येईल याची खात्री नसते, निळं येईल याची तर त्याहून नाही. मी हौसेने एक पाकीट घेतलं होतं, त्यातून जे उगवलं ते दोन महिन्यांनी राजगिरा निघालं. दुसरं, परदेशातून गड्डे मागवायचे तर आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. वनस्पती संगरोधाचा (क्वारंटाइनचा) २००३ चा आदेश तसा आहे, आणि तो उगाच केलेला नाही. हॉस्टाला स्वतःचा एक विषाणू आहे, हॉस्टा व्हायरस एक्स. तो गड्डे कापायच्या सुरीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो, आणि कित्येकदा बरेच दिवस पानावर काही दिसतही नाही.

एवढं ऐकूनही एखादी कुंडी करून पाहायची खुमखुमी असेल तर कृती सांगतो. मी केली आहे. जानेवारीपासून पाणी तोडत न्यायचं. पानं पिवळी पडली की कापायची, गड्डा माती धुऊन सावलीत दोन दिवस सुकवायचा. मग जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, मधल्या फळीवर मागच्या बाजूला. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही. मार्चच्या सुरुवातीला ठेवलेला गड्डा मेअखेरीस काढला तर बारा आठवडे भरतात, आणि कोंब वर येतात ते मळभाच्या, त्यातल्या त्यात गार दिवसांत. अडचण वेगळीच आहे. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने झोपलेले डोळे खराब होतात, म्हणून त्या फ्रिजमध्ये पिकलेली फळं ठेवायची नाहीत. मार्च ते मे, कोकणात, आणि फ्रिजमध्ये आंबा ठेवायचा नाही! आमच्या हिने मला एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली होती. शेवटी जुना फ्रिज पडवीत काढून तो एका गड्ड्यासाठी चालू ठेवला. विजेचं बिल कुणी विचारू नये.

कोंब आले, पानं उलगडली. पत्र्याखाली, पाऊस अंगावर न घेता ठेवल्यामुळे तीन आठवडे अगदी फोटोसारखी निळी होती. पुढे आश्लेषात देठाच्या बुडाशी पांढरी सुतं दिसली, त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे, आणि चार दिवसांत पानं हाताने ओढली तर सुटून येऊ लागली. स्क्लेरोशियम बुरशीची ही खूण ओळखून ठेवा, उष्ण दमट हवेत ती दुसऱ्या कंदांनाही सोडत नाही. हौस म्हणून एक कुंडी ठीक. वाफे भरून लावायचा विचार सोडा.

मग पोफळीखाली लावायचं काय? हा विषय मला हॉस्टापेक्षा जास्त आवडतो.

हॉस्टा शतावरीच्या कुळातला आहे. त्याच कुळातली फोडशी, जिला कुणी कुलू म्हणतात आणि पहिल्या पावसानंतर जिची भाजी आपण निवडून निवडून करतो, ती आपल्या सड्यावर दरवर्षी न लावता येते. दोघांचाही संसार जमिनीखाली. हॉस्टा बर्फात झोपतो, फोडशी वैशाखात. आपल्याकडची बरीचशी देखणी सावलीतली झाडं अशीच उन्हाळ्याची झोप घेणारी आहेत: भुईचाफा, रानहळद, पेव, सुरण, शेवळं. त्यांना फ्रिज लागत नाही. कोरडा मे आणि मग पाऊस, हा क्रम त्यांच्या हाडीमासी आहे. सावलीतली बाग यांच्यावर उभी करा.

त्यातही माझी पहिली पसंती भुईचाफ्याला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरम राज्यांत, जिथे हॉस्टा धड होत नाही, तिथे भुईचाफ्याच्या जातभाईंना 'दक्षिणेचा हॉस्टा' म्हणतात. यात एक गंमत आहे. हॉस्टाचं चित्र आणि वर्णन युरोपला पहिल्यांदा दिलं ते एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने. १६९० ते १६९२ तो जपानात नागासाकीला होता. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ज्या वंशाला केम्फरचं नाव दिलं तो केम्फेरिया, म्हणजे आपला भुईचाफा. हॉस्टा पाहिला त्याने आणि नाव मिळालं आपल्या परसातल्या कंदाला.

भुईचाफ्याला उन्हाळ्यात, पान नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी वासाची फुलं येतात. ती संपली की पावसाबरोबर पानं वर येतात, उभी, वरून हिरव्यावर रुपेरी पट्टे, मागून जांभळी. निळी नाहीत हे मान्य, पण ओल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती रुपेरी छटा लांबून उठून दिसते. कंद आत्ताच लावा, मृगाचा पाऊस धरायच्या आधी. दोन इंच खोल, एक-एक फुटावर, डोळा वर. कंदाच्या मुळांना लोंबणाऱ्या गाठी असतात, त्या किडक्या समजून तोडू नका. तो त्या झाडाचा पाणी-अन्नाचा साठा आहे. मार्गशीर्षात पान पिवळं पडलं की पाणी पूर्ण बंद.

निळाईच हवी असेल तर न्हाणीमागे बघा. काळ्या देठाचं अळू हे निळसर हिरव्या पानांचं, सावलीतलं, ताटाएवढं झाड आहे, आणि आपण त्याची किंमत फतफद्यापुरतीच करतो. त्याच्या पानावरही मेणाचीच लव, म्हणून तर अळवावरचं पाणी ठरत नाही. हॉस्टाचं मेण पावसाने झिजतं, अळू मात्र भर पावसात नवं पान काढत राहतं, त्यामुळे ताजं निळसर पान नेहमी समोर असतं. सांडपाण्याच्या वाटेवर गटाने लावा, एकेकटं लावलेलं अळू गरीब दिसतं. श्रावणात पानावर गोल पाणचट डाग पडून ते तपकिरी होत गेले तर तो करपा. तेवढी पानं देठासकट कापून लांब पुरा, आणि रोपांत अंतर वाढवून हवा खेळू द्या.

ब्लू स्टार नावाचं नेचं हल्ली आपल्याकडच्या रोपवाटिकांतही मिळतं. उष्ण अमेरिकेतलं असल्याने त्याला आपली दमट हवा मानवते, आणि रंग खरोखर राखेरी निळा. ते मातीतलं नाही, झाडावर वाढणारं आहे. त्याचे केसाळ, सरपटणारे कांडे मातीत पुरले की कुजतात. नारळाच्या सोडणात, कोळशाचे तुकडे आणि थोडा पालापाचोळा घालून, कांडं वर उघडं ठेवून बांधा आणि पडवीच्या वाशाला टांगा. पानामागे केशरी ठिपक्यांच्या ओळी दिसल्या म्हणून औषध मारू नका. ते बीजाणू आहेत. मागच्या वर्षी एकाने त्यावर तीनदा निमतेल फवारलं. ठिपके गेले नाहीतच, निळाई मात्र गेली. मेणाच्या पानावर तेल किंवा साबणाचं पाणी मारायचंच नाही, हे अळवालाही लागू.

बाकीची झाडं थोडक्यात. रानहळद गुलाबी तुऱ्यासाठी. घरची हळद चार रोपं तरी लावाच, नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं मागत फिरावं लागत नाही. गडग्याच्या सांधीत निळ्या झाकेची सिलॅजिनेला, नेच्यासारखी दिसणारी बुटकी वनस्पती, छान पसरते, पण ती उन्हाळ्यात रोज पाणी मागते. मनीप्लांटच्या जातीचे वेल कामाच्या पोफळीवर चढवू नका. सुपारी काढायला चढणारा माणूस एकदा पाय घसरला की पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही.

आता जागा. 'सावली' म्हणताना कोणती ते बघा. माडाखालची सावली हलती, पोफळीखालची दाट, आणि जुन्या हापूसखालची कोरडी, कारण आंब्याची तंतुमुळं वरच्या थरातलं सगळं पिऊन टाकतात. आंब्याखाली कुंड्या ठेवा, खणू नका. दुपारी बाराला जमिनीवर हात धरा. हाताच्या सावलीची कड ठसठशीत दिसली तर ऊन जास्त आहे, धूसर दिसली तर वर सांगितलेल्या झाडांना ते मानवेल, सावली दिसलीच नाही तर तिथे नेचीच लावा.

पागोळीखाली काहीही लावू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक तिथेच लावतात, कारण घराला लागून ती एक सरळ रेघ मोकळी दिसते. कौलांवरून पडणारी धार आषाढात जांभ्यालाही खळगे पाडते, पानांची काय कथा. उडालेली माती पानांच्या मागे चिकटते आणि तिच्याबरोबर बुरशी. पागोळीच्या रेषेपासून दोन फूट सोडा. माडाच्या बुंध्याजवळही थोडं सोडूनच, वरून चुडत आलं की खालचा वाफा एका दणक्यात सपाट होतो.

आपल्या जांभ्याच्या मातीत पाणी मुरतं, पण खाली कातळ लागला की वाफ्याचं तळं होतं. म्हणून फूटभर उंच गादीवाफा. तळाला सोडणं, त्यावर माती, कुजलेला पाला आणि जुनं शेणखत, निम्मी माती आणि निम्मं बाकीचं अशा अंदाजाने. वाळू घालायची तर नदीची. खाडीची वाळू स्वस्त पडते, पण तिच्यातलं मीठ पानांच्या कडा जाळतं. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून आठवडाभर ओलं करून झाकून ठेवलं तर कंदकुजीला बराच आळा बसतो. ताजं शेण नको.

पोफळीच्या बागेत आणखी एक. कोळे रोगासाठी, म्हणजे सुपारीची फळं कुजून गळतात त्यासाठी, पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मारतात, १०० लिटर पाण्यात मोरचूद एक किलो आणि चुना एक किलो, आणि पुन्हा दीडेक महिन्याने. ती फवारणी खालच्या पानांवर ठिबकते. त्या दिवशी खालची बाग जुन्या पोत्यांनी झाका. गेल्या साली एक पाहुणी माझ्याकडच्या अळवावरचे निळे शिंतोडे बघून म्हणाली, "किती सुंदर जात आहे!" मी जातीचं नाव मोरचूद सांगितलं.

गोगलगायींचं मात्र हलक्याने घेऊ नका. शंखी गोगलगाय आणि बिनशंखाची शेंबडी, दोघींनाही कोवळं, रसदार, सावलीतलं पान लागतं. एका रात्रीत भुईचाफ्याच्या सुरळीला आरपार भोकं पडतात आणि पान उलगडलं की ती भोकं ओळीने दिसतात, पत्रिका पंच केल्यासारखी. पहिल्या पावसानंतर आठ दिवस रात्री नऊच्या सुमारास बॅटरी आणि बादली घेऊन फिरा. बादलीत मिठाचं पाणी. दिवसा गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून ठेवा, सकाळी उचललं की खाली सगळी मंडळी जमलेली सापडतात. हातमोजे घाला. चुन्याची किंवा राखेची रेघ कोरड्या दिवशी चालते, आपल्या पावसात ती तासभरही टिकत नाही. अगदीच आवरेना तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्यांना आणि कोंबड्यांना घातक आहेत. करवंटीखाली झाकूनच ठेवायच्या, आणि मोकळी कुत्री फिरत असतील तर ठेवायच्याच नाहीत. सुरुवातीच्या पावसात पालापाचोळ्याचं जाड आच्छादनही नको, ती गोगलगायींची पडवी होते. आच्छादन दसऱ्यानंतर, ओल धरून ठेवायला.

रान जवळ असेल तर साळिंदर आणि डुकरं कंद उकरतील. तिथे वाफ्यावर कोंबड्यांची जाळी मातीखाली इंचभर पुरून घ्या, कोंब तिच्या भोकांतून वर येतात.

दत्तजयंतीच्या सुमारास ही सगळी बाग पिवळी पडायला लागते. फोन येतात, काका, झाडं मेली. मेली नाहीत, झोपली. पाणी तोडा, पानं आपोआप गळू द्या, हिरवी असताना कापू नका, कारण पानातला जीव तेव्हा कंदात उतरत असतो. खरा धोका पुढे, फाल्गुनात. माणसं आळी करायला येतात, त्यांना तो वाफा मोकळा दिसतो, आणि कुदळ थेट कंदात. म्हणून लावतानाच प्रत्येक गटाशेजारी बांबूची खुंटी ठोका आणि खुंटीला रंग द्या.

गुहागरच्या त्या मुलाने शेवटी भुईचाफ्याचे पंचवीस कंद नेले, अळवाची दहा रोपं आणि पडवीसाठी दोन ब्लू स्टार. निघताना विचारलं, "काका, आर्किटेक्टला काय सांगू?" सांग, चाळीस नगांच्या जागी पस्तीस आणि दोन लागले. खुंट्या मी फुकट दिल्या.